भट्टी न पाहिलेली माती

फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत चर्चना कुलपं लागली आणि दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्स प्रांतात नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा बंद पडली. तिच्याबरोबर चर्चमधला गव्हाणीचा मोठा देखावाही गेला. लोकांनी मग तो घरात आणला. पण घरात मांडायचा तर मूर्ती लहान हव्यात, आणि मासे विकणाऱ्या कुटुंबालाही परवडतील अशा हव्यात. मार्सेय शहरातल्या झां-लुई लान्येल (१७६४–१८२२) या मूर्तिकारानं नेमकं तेच साधलं. प्लास्टरच्या साच्यात ओली माती दाबायची, मूर्ती काढून सुकू द्यायची आणि वर रंग चढवायचा, एवढीच त्याची कृती. भट्टी नाही, म्हणून सरपण नाही. सरपण नाही, म्हणून किंमत चार पैशांत. बाळ येशू, मारिया आणि योसेफ यांच्या शेजारी त्यानं गावातली माणसंही आणून उभी केली : कोळीण, धार लावणारा, गिरणीवाला, आणि आश्चर्यानं दोन्ही हात वर केलेला एक भोळा गावकरी. ‘सांतों’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मूर्तींचा बाजार मार्सेयमध्ये १८०३ मध्ये पहिल्यांदा भरला. तो आजही नाताळाच्या तोंडावर भरतो.

कच्च्या मातीच्या त्या मूर्ती फार नाजूक. हातातून निसटली की संपली, दमट भिंतीला टेकली की रंग सोडायची. पुढे ओबान्य गावच्या तेरेझ नव्ह यांच्यासारख्या कारागिरांनी सांतों भाजायला सुरुवात केली आणि तो प्रश्न मिटला. पण घरच्या टेबलावर, पोरांना हाताशी घेऊन नाताळची सजावट करणाऱ्यांपाशी भट्टी कुठून असणार? त्यांच्यासाठी लान्येलचीच वाट खुली राहते. स्टेशनरीच्या दुकानात ‘एअर-ड्राय क्ले’ या नावानं जे पाकीट मिळतं, किंवा स्वयंपाकघरात सोडा आणि कॉर्नफ्लॉवर शिजवून जो गोळा तयार होतो, तो याच घराण्यातला. आकार माणूस देतो. वस्तू पक्की होते ती त्यातून पाणी निघून जाताना. तारा सपाट राहणार की पापडासारखा वळणार, घंटेला तडा जाणार की नाही, पुढच्या वर्षी खोक्यातून काय बाहेर निघणार, हे सगळं ते पाणी कसं आणि किती वेगानं जातं यावर ठरतं.

नाताळच्या झाडावर टांगायच्या वस्तूंची सुरुवात मात्र मातीपासून झाली नाही. १६०५ मध्ये स्ट्रासबुर्ग शहरातली झाडं एका प्रवाशानं पाहिली आणि टिपून ठेवली : घरातल्या झाडावर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, पातळ वेफर, सोनेरी वर्ख आणि साखर. म्हणजे बहुतेक ऐवज खाण्याचाच. जर्मन घरांत ‘श्प्रिंगेर्ले’ नावाची बडीशेपेसारख्या अनीसच्या वासाची बिस्किटं करतात. अंडी, साखर आणि मैद्याचं पीठ कोरीव लाकडी साच्यात दाबून त्यावर घोडेस्वार, फुलं, बायबलमधले प्रसंग उमटवायचे आणि ती रात्रभर तशीच उघड्यावर ठेवायची. वरचा पापुद्रा सुकून कडक होतो, म्हणून दुसऱ्या दिवशी भाजताना चित्र जागचं हलत नाही. बिस्किट फुगतं ते खालून. रंगवून झाडावर टांगण्याचीही यांची रीत होती. त्याच्याही पुढे जाऊन मिठाईवाल्यांनी पिठीसाखरेत ट्रागाकांथ हा काटेरी झुडपांचा डिंक मिसळला आणि साच्यातून पांढऱ्याशुभ्र आकृत्या काढल्या. या आकृत्या भाजाव्याही लागत नसत, हवेवर वाळल्या की दगडासारख्या होत. आजच्या हवेवर वाळणाऱ्या मातीची रचना हीच आहे : बारीक भुकटी, तिला धरून ठेवणारा चिकट पदार्थ आणि पाणी.

काचेचे चकचकीत गोळे नंतरचे. जर्मनीच्या थुरिंगिया भागातल्या लाउशा गावात काचेचा कारखाना १५९७ पासून होता आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथल्या घराघरांत नाताळसाठी काच फुंकली जाऊ लागली. सफरचंदं विकत घ्यायला पैसे नसलेल्या एका कारागिरानं ती काचेची केली, अशी तिथली दंतकथा आहे. १८८० च्या दशकात फ्रँक वूलवर्थ या अमेरिकन दुकानदारानं हा माल आपल्या स्वस्त वस्तूंच्या दुकानांत आणला आणि काचेचा गोळा हाच नाताळवृक्षाचा चेहरा झाला. घरी केलेल्या वस्तूंना तेव्हापासून ‘पोरांचं काम’ म्हणून खालच्या फांद्यांवर जागा मिळाली. तसं पाहिलं तर हा अन्यायच.

आता मातीकडे. ओल्या मातीचे कण म्हणजे अतिशय पातळ चकत्या, आकारानं दोन मायक्रॉनहूनही लहान. प्रत्येक दोन चकत्यांमध्ये पाण्याचा थर असतो. त्याच्यामुळेच त्या एकमेकींवरून घसरतात आणि माती दाबू तशी वळते. वस्तू सुकायला लागली की आधी हा थर जातो. चकत्या जवळ येतात आणि तितकी वस्तू आक्रसते. नैसर्गिक माती लांबीत साधारण ५ ते १० टक्के घटते, म्हणजे दहा सेंटिमीटरचा तारा सुकल्यावर साडेनऊचा किंवा नऊचा उरतो. चकत्या एकमेकींना टेकल्या की आक्रसणं जवळजवळ थांबतं. त्यानंतर फटींतलं उरलेलं पाणी जातं, त्यानं आकार बदलत नाही. फक्त रंग फिकट होतो. मातीचा धोका सगळा पहिल्या टप्प्यात आहे. वरचा पृष्ठभाग सुकून लहान व्हायला बघतो आणि आतला ओला भाग त्याला तसं होऊ देत नाही. ओढाताणीत पृष्ठभाग हरला की भेग पडते.

ही गोष्ट पेणच्या कारखान्यांत कुणाला समजावून सांगावी लागत नाही. गुजरातेतून येणाऱ्या शाडूच्या गणेशमूर्ती भाजल्या जात नाहीत, त्या सावलीत सुकवतात. ऐन पावसाळ्याच्या आधी आणि पावसाळ्यात हे काम चालतं, म्हणून सुकण्याला वेळ लागतो. माती जाड असेल तिथे तडे जातात आणि ते पातळ शाडूनं भरून काढावे लागतात. विसर्जनात मूर्ती विरघळते तीही न भाजल्यामुळेच. मातीच्या कणांमध्ये रासायनिकरीत्या बांधलेलं जे पाणी असतं ते ५०० ते ६०० अंश सेल्सियसच्या पुढे गेल्यावर निघतं, आणि एकदा ते गेलं की भाजलेलं मडकं पुन्हा चिखल होत नाही. हवेवर वाळलेल्या वस्तूनं ती पायरी गाठलेलीच नसते. म्हणून शाडूचा नाताळतारा करायला काहीच हरकत नाही. फक्त तो पाण्यापासून दूर ठेवायचा.

स्वयंपाकघरातली सगळ्यात भरवशाची माती सोडा-कॉर्नफ्लॉवरची. दोन वाट्या खाण्याचा सोडा, एक वाटी कॉर्नफ्लॉवर, सव्वा वाटी पाणी. तिन्ही थंड असतानाच गुठळी न राहू देता कालवायचं आणि मंद आचेवर सतत ढवळायचं. आधी दुधासारखं पातळ दिसणारं मिश्रण काही मिनिटांतच एकदम दाटतं आणि कुस्करलेल्या बटाट्यासारखा गोळा होऊन कडा सोडतो. तिथे गॅस बंद. ओलं फडकं झाकून गार होऊ द्यायचं आणि मग मळायचं. कॉर्नफ्लॉवर म्हणजे पांढराशुभ्र स्टार्च, पिवळं मक्याचं पीठ चालत नाही. सोडाही खाण्याचाच हवा. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर आम्ल असतं, पाणी लागताच ती फसफसते आणि गोळा भोकाभोकांचा होतो.

भांड्यात जे घडतं ते पाहण्यासारखं आहे. पाणी ६० अंशांच्या वर गेलं की स्टार्चचे दाणे पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि खळ तयार होते. कपड्यांना घालतात तीच ही खळ. सोडा मात्र फारसा विरघळत नाही. शंभर मिलिलिटर पाण्यात तो जेमतेम दहा ग्रॅम मावतो, गरम पाण्यात थोडा अधिक. दोन वाट्यांतला बहुतेक सोडा म्हणून घन कणांच्याच रूपात राहतो आणि खळ त्या कणांना एकमेकांना चिकटवते. पाण्याच्या मानानं घन पदार्थ जास्त, त्यामुळे ही माती कमी आक्रसते आणि कमी तडकते. वाळल्यावर तिला चिनी मातीसारखी शुभ्र, किंचित चमकणारी कांती येते. रंग न देताही शोभते. घाई करून ती कडक उष्णतेच्या ओव्हनमध्ये सुकवू पाहणाऱ्याची मात्र फजिती होते. सोडा तापला की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि गुळगुळीत तारा फुगून खडबडीत होतो.

फुलांच्या पाकळ्या किंवा देवदूताचे पंख अशा बारीक कामासाठी दुसरा प्रकार बरा. त्याला भट्टी न लागणारं ‘कोल्ड पोर्सेलिन’ म्हणतात. अर्जेंटिनात आणि एकूणच लॅटिन अमेरिकेत ही घरगुती कला खूप रुजलेली आहे. फेविकॉलसारखा पांढरा गोंद आणि तेवढाच कॉर्नफ्लॉवर, त्यात चमचाभर तेल आणि थोडं व्हिनेगर घालून मंद आचेवर गोळा बनवायचा. तेलामुळे तो हाताला चिकटत नाही, व्हिनेगरमुळे लवकर बुरशी धरत नाही. हा गोळा ताणला तर रबरासारखा लांबतो आणि पाकळी कागदाइतकी पातळ लाटता येते. किंमत मोजावी लागते ती आक्रसण्यात. पांढऱ्या गोंदात जवळपास निम्मं पाणीच असतं, ते सगळं उडून जायचं असतं. मोठा, जाड तुकडा करायचा तर आत फॉइलचा किंवा थर्माकोलचा गोळा ठेवून वर पातळ थर चढवणं शहाणपणाचं.

पाकिटातल्या तयार मातीत बहुधा खनिज भुकटी, कागदाचा किंवा लाकडाचा तंतू आणि चिकट पदार्थ असतो. तंतू भेगांना आडवा येतो. जपानी बाहुलीकारांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. पॉलोनियाच्या लाकडाचा भुसा गव्हाच्या खळीत मळून ते बाहुल्यांची डोकी आणि धडं घडवत आले आहेत. दुकानात त्याच फळीवर ‘पॉलिमर क्ले’ही ठेवलेली असते. ती दिसायला तशीच, पण जात वेगळी. ती पीव्हीसी प्लास्टिकची असते, तिच्यात वाळायला पाणीच नाही. १३० अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये ठेवली तरच ती घट्ट होते. खिडकीत वाळत ठेवली तर होळीपर्यंत मऊच राहील.

युरोप-अमेरिकेत सगळ्यात लाडकी असते ती मिठाची कणीक : दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, वाटीभर पाणी. उंदरांनी झाडावरच्या वस्तू कुरतडू नयेत म्हणून मीठ घालायला लागले, असं जर्मनीत सांगतात. तिथल्या कोरड्या, हीटर लावलेल्या घरांत ती वर्षानुवर्षं टिकते. कोकण किनारपट्टीवर ती टिकणं कठीण, आणि त्यामागचं कारण साधं आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळू लागतं. मुंबई, वसई, गोवा इथे पावसाळ्यात आर्द्रता कित्येक दिवस त्या रेषेच्या वरच असते. डिसेंबरात खणखणीत असलेली मिठाची घंटा जुलैत माळ्यावरच्या खोक्यात घामेजून मऊ पडते, रंगाला फोड येतात आणि मैद्याला बुरशी लागते. खाण्याच्या सोड्याला हवेतून इतकं पाणी ओढायची सवय नाही. कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांनी म्हणूनच मिठाच्या कणकेचा मोह सोडून सोड्याची माती करावी हे बरं.

मिठाच्या कणकेत आणखी एक धोका आहे. मैदा दोन वाट्या आणि मीठ एक वाटी दिसतं खरं, पण वजन केलं तर मीठच अधिक भरतं. कुत्र्याला ही वस्तू खमंग बिस्किटासारखी वाटते आणि एखादीच खाल्ली तरी लहान कुत्र्याच्या रक्तातलं सोडियम जिवावर बेतेल इतकं वाढू शकतं. परदेशातले पशुवैद्य नाताळात याबद्दल बजावत असतात. सोड्याची मातीही प्राण्यांच्या पोटात जाता कामा नये. घरात कुत्रा असेल तर मातीच्या वस्तू वरच्या फांद्यांवर.

लाटण्याचं तंत्र चपातीपेक्षा कडक आहे, कारण इथे जाडी सगळीकडे सारखी लागते. पातळ कड आधी सुकते, जाड मध्य नंतर, आणि तिथेच तडा जातो. गोळ्याच्या दोन्ही बाजूंना पाच मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणं फिरवलं की ही चिंता उरत नाही. टांगायचं भोक ओल्या मातीतच, शीतपेयाच्या नळीनं पाडायचं, आणि कडेपासून निदान सेंटिमीटरभर आत. वाळल्यावर पाडायला गेलं की तुकडा हातात येतो. माती आक्रसताना भोकही थोडं लहान होतं, म्हणून सुतळी ओवायची असेल तर नळी जाड घ्यावी.

ठसे आणि साचे यांच्यासाठी गोव्यातल्या आणि वसईतल्या ख्रिस्ती स्वयंपाकघरात बाजारातून काही आणायची गरज पडत नाही. नाताळच्या फराळातली मार्झिपॅन आणि मिल्क क्रीम ज्या रबरी साच्यांत पाडतात, त्यांत मातीची फुलंपानंही सहज पडतात. नेवऱ्यांची कातण ताऱ्याला नक्षीदार कड देते. कुलकुलांवर रेषा उमटवायचा काटा किंवा फणी मातीवर देवदारूच्या शंकूचे खवले उठवते. पोळपाटावर क्रोशाचा रुमाल अंथरून वरून माती लाटली की विणीचा ठसा टाका न टाका उमटतो. कढीपत्त्याची डहाळीही सुंदर उठते. फक्त मातीला वापरलेले साचे नंतर खाण्याच्या पदार्थांना वापरू नयेत, त्यासाठी जुने बाजूला काढलेले घ्यावेत.

मग सुकवणं, आणि इथे संयम लागतो. पंख्याखाली किंवा उन्हात ठेवणं हा हमखास तडे पाडण्याचा उपाय. ताटात ठेवलेली चकती वरून सुकते, खालून नाही. वरची बाजू आखडून कडा उचलल्या जातात. जाळीवर ठेवावी, आणि जाळी नसेल तर वर्तमानपत्रावर ठेवून दर काही तासांनी उलटावी. पहिल्या दिवशी वरून सैलसा कागद झाकला तर आणखी बरं. पाच मिलिमीटरच्या चकतीला डिसेंबरातल्या पुण्यात एक-दोन दिवस पुरतात, पणजीत जास्त. पूर्ण वाळली का हे पाहायचं तर ती गालाला लावून बघावी. आत ओल असेल तर बाष्पीभवनामुळे ती गार लागते.

वजनाचा विचार लोक सहसा शेवटी करतात, तो आधी करायला हवा. सात सेंटिमीटर व्यासाची, पाच मिलिमीटर जाडीची चकती वाळल्यावर तीस ग्रॅमच्या आसपास भरते. जर्मन फरच्या झाडाला हे काहीच नाही. पण आपल्याकडे रोपवाटिकेत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून विकलं जाणारं कुंडीतलं झाड बहुधा अरॉकेरिया असतं. त्याचं मूळ प्रशांत महासागरातल्या बेटांवर, आणि कोवळ्या झाडाच्या फांद्या लवचीक. टोकाला दोन चकत्या अडकवल्या की फांदी खाली वाकते. तारेच्या फांद्यांचं प्लास्टिकचं झाडही तसंच. जड वस्तू खोडाजवळ, हलक्या टोकाला. किंवा मग चकतीच तीन मिलिमीटरची करायची आणि मध्ये तारा कापून काढायचा.

हलकेपणाचा प्रश्न सोडवावा तर श्रीनगरच्या कारागिरांनी. झडीबलसारख्या वस्त्यांतून पेपर-माशेचे चेंडू, घंटा, तारे आणि चंद्रकोरी युरोप-अमेरिकेतल्या नाताळवृक्षांसाठी जातात. बनवणारे बहुतेक मुसलमान. टाकाऊ कागद कित्येक दिवस भिजवून कुटायचा, तांदळाच्या खळीत कालवायचा आणि साच्यावर थापून वाळवायचा. वाळला की कवच करवतीनं दोन भागांत कापून साचा काढून घ्यायचा आणि दोन्ही अर्धे पुन्हा जोडायचे. आत पोकळी, म्हणून वजन जवळजवळ नाहीच. हे काम करणारा सख्तसाज. त्याच्यानंतर नक्काश येतो आणि मांजराच्या केसांच्या बारीक कुंचल्यानं चिनारची पानं, गुलाब, खंड्या पक्षी रंगवतो. शेवटी वार्निशचे हात. घरीही जुना कागद, मैद्याची खळ आणि फुगा घेऊन हे जमतं. फक्त एकेक थर वाळल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही.

रंगाला ॲक्रिलिकच बरं. पोस्टर कलर पाण्यात विरघळतात आणि वार्निशचा ब्रश फिरला की ओघळतात. वार्निश दोन्ही बाजूंना द्यायचं, भोकाच्या आतून सुद्धा, नाहीतर एकाच बाजूनं ओल शिरून वाळलेली चकतीही वळते. पण आत ओल असतानाच वार्निश चढवलं तर ती आत कोंडते आणि काही आठवड्यांनी रंगाखाली काळे ठिपके दिसू लागतात. नाताळ संपला की प्रत्येक वस्तू सुती कापडात गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवावी, सोबत बुटांच्या खोक्यातून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यापूर्वी त्या पुड्यांतलं जेल नुसत्या उन्हात नव्हे, मंद आचेवर तापवून सुकवावं आणि पुन्हा आत टाकावं. स्टार्चचा झुरळांना आणि मुंग्यांनाही सुगावा लागतो, म्हणून पुठ्ठ्याचं खोकं नको.

तुटलेल्या वस्तूंचं काय करायचं हे त्या कशाच्या आहेत यावर आहे. न रंगवलेला शाडूचा तारा पाण्यात टाकला की तासाभरात विरघळतो, तळाशी बसलेली माती गाळून, वाळवून पुढच्या वर्षी पुन्हा मळता येते. सोड्याच्या मातीची भुकटी उरते, ती मोरीच्या जाळीवर घासायला कामी येते. फेविकॉलच्या मातीला परतीची वाट नाही. गोंदातले पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे कण वाळताना एकमेकांत मिसळून अखंड पापुद्रा होतो, तो पाण्यानं पांढुरका आणि मऊ पडतो पण पुन्हा गोंद होत नाही. अशा पाकळीचा तुकडा उडाला तर त्याच गोंदाचा थेंब लावून जागेवर बसवायचा, आणि सांध्यावर थोडा सोनेरी रंग फिरवायचा.